१४४१६ : टेली-मानस सेवेची पारख, इंदूरच्या पुरुषांसाठी

आधी निकाल सांगतो. मनाच्या त्रासाबद्दल पहिल्यांदा तोंड उघडायला याहून सोयीची जागा आपल्या शहरात दुसरी नाही. मात्र पूर्ण उपचार फक्त फोनवर उरकतील, ही आशा धरू नका. पाचांपैकी चार तारे. पाचवा का कापला, ते पुढे येईलच.

टेली-मानस ही केंद्र सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला, म्हणजे जागतिक मानसिक आरोग्य दिनी, ती सुरू झाली. नंबर १४४१६, तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. दोन्ही फुकट, चोवीस तास, सणवार धरून. बंगळूरची निम्हान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) ही तिची मुख्य संस्था, आणि मध्य प्रदेशातली केंद्रं इंदूर आणि ग्वाल्हेरला आहेत.

पुरुषांसाठी वेगळी पारख का? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि त्यांत दर दहांमागे सात पुरुष होते. तरीही आपल्याकडचा पुरुष छाती धडधडली की ईसीजी काढून येतो, पोट बिघडलं की गॅसची गोळी घेतो, झोप गेली की एक पेग वाढवतो. मन बिघडलंय, हे वाक्य काही निघत नाही. त्यात इंदुरात सरकारी मानसिक रुग्णालय बाणगंगेला, आणि बाणगंगेचं नाव आपण वर्षानुवर्षं चेष्टेत घेत आलोय. तिथल्या फाटकापाशी ओळखीचं कोणी भेटलं तर, या एका भीतीने माणूस दोन-दोन वर्षं थांबतो. फोनने नेमकी तीच अडचण दूर होते.

फोन लावल्यावर काय होतं

सुरुवातीला रेकॉर्ड केलेला आवाज भाषा निवडायला सांगतो. सेवा वीस भाषांत चालते आणि त्यांत मराठीही आहे, पण कुठे कोणत्या भाषा मिळणार हे राज्याच्या निवडीवर ठरतं. इंदुरातून फोन करताना हिंदीत बोलायची तयारी ठेवा. मराठीत बोलायचं असेल तर पहिल्याच मिनिटाला तसं विचारा. कळवळून सगळं सांगून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

मग समुपदेशक येतो. बऱ्याच जणांचा समज असतो की थेट डॉक्टरच बोलणार. तसं नसतं. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक, त्याच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ आणि इतर जाणकार, आणि प्रत्यक्ष तपासणीची गरज वाटली तर वैद्यकीय महाविद्यालय किंवा जिल्हा रुग्णालय. धार, देवास, खरगोनकडच्या वाचकांसाठी: मध्य प्रदेशातल्या जिल्हा रुग्णालयांत ‘मनकक्ष’ असतो, विचारताना हेच नाव घ्या.

समुपदेशक वय, गाव, काम, घरची माणसं, आधीचे आजार विचारतो. त्यानंतर त्रास. आणि एक प्रश्न ऐकून पुष्कळ पुरुष बिचकतात: जीव नकोसा वाटतो का, स्वतःला इजा करून घ्यायचे विचार येतात का? हा प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा असतो. तुमच्यावर संशय म्हणून कोणी विचारत नाही. खरं उत्तर द्या. ‘हो’ म्हटल्यावर दारात पोलीस येतील, ही भीती पार मनातून काढा. जवळच्या एका माणसाचा नंबर मागू शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे, आणि कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

तयारीशिवाय केलेला फोन वाया जातो

सेवेबद्दलची अर्धी नाराजी इथे जन्मते. माणूस म्हणतो, “नींद नहीं आती, टेंशन है।” समुपदेशक म्हणतो, चहा कमी करा, श्वासाचा व्यायाम करा. दोघंही बरोबर, आणि फोन वाया. एवढ्याशा माहितीवर कोणीही एवढंच सांगणार.

फोनआधी एका कागदावर गेल्या दोन आठवड्यांचा हिशेब मांडा. रात्री किती वाजता पाठ टेकता, झोप कधी लागते, पहाटे कधी तुटते. ठरल्या वेळेच्या दोन-तीन तास आधी जाग येणं आणि सकाळी मन सगळ्यात जड असणं ही उदासीनतेची (डिप्रेशनची) जुनी खूण आहे; अंथरुणात तासभर विचार फिरत राहणं बहुधा चिंतेकडे जातं. भूक आणि वजन लिहा. कामात किती चुका झाल्या, किती दिवस बुडाले ते लिहा. आठवड्याला किती दारू, किती तंबाखू किंवा गुटखा. चालू गोळ्या, विशेषतः रक्तदाबाच्या आणि झोपेच्या. घरात कोणाला असा आजार होता का.

आणि राग. हे पुरुषांच्या बाबतीत मुद्दाम लिहायला हवं. पुरुषाची उदासी पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ती चिडचिडीतून दिसते: मुलावर ओरडणं, गाडी अंगावर घालण्यासारखी चालवणं, दुकानात गिऱ्हाइकाशी भांडण, रात्री उशिरापर्यंत कामातच डोकं खुपसून बसणं, पाठदुखी-डोकेदुखी ज्याच्या तपासण्यांत काही सापडत नाही. हे सगळं ‘माझा स्वभावच तापट’ या खात्यात जातं आणि समुपदेशकापर्यंत पोचतच नाही. सहा महिन्यांपूर्वी हाच माणूस असा होता का, एवढा एक प्रश्न बायकोला किंवा भावाला विचारा आणि त्यांचं उत्तर कागदावर जसंच्या तसं लिहा.

पीएचक्यू-९ ही उदासीनता किती आहे ते मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही आहे. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ बऱ्यापैकी तीव्र, २० ते २७ तीव्र. आकडा १० किंवा जास्त आला तर फोनवर तो आधी सांगा, बोलण्याची दिशाच बदलते. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला शून्याखेरीज कोणतंही उत्तर असेल तर बेरीज करत बसू नका, त्याच दिवशी फोन करा. ही चाचणी निदान करत नाही, अंदाज देते. पण सहा आठवड्यांनी पुन्हा भरली की फरक डोळ्यांना दिसतो, आणि तिचा खरा उपयोग तोच.

कुठून बोलायचं

रामबागेतल्या जुन्या वाड्यात काय किंवा सुदामानगरच्या दोन खोल्यांत काय, घरात एकांत मिळणं कठीण. बायको स्वयंपाकघरात, आई पलीकडे, मुलगा अभ्यासाला. अशा ठिकाणी माणूस कुजबुजतो, निम्मं गाळतो. उभी केलेली गाडी उत्तम. नाहीतर दुपारच्या वेळी मेघदूत बागेतलं किंवा पिपल्यापाळा उद्यानातलं लांबचं बाकडं. इअरफोन लावा आणि पाऊण तास हाताशी ठेवा. पीथमपुरात पाळीवर असाल तर पंधरा मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत हा फोन करू नका. बोलणं रंगात आलं की भोंगा वाजतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं धैर्य होत नाही. पाळी संपल्यावर करा. रात्री दोनला केलात तरी चालतं, सेवा त्याचसाठी चोवीस तास आहे.

यंत्रणेत उलट फोन येण्याची सोय आहे. त्यामुळे अनोळखी नंबर आपोआप अडवणारी सेटिंग फोनमध्ये असेल तर तेवढे दिवस बंद ठेवा. सियागंजातल्या व्यापाऱ्यांना उधारी-वसुलीच्या फोनांमुळे अनोळखी नंबर न उचलण्याची सवय असते. पुढचं बोलणं तिथेच तुटतं.

पाचवा तारा कुठे कापला

दुसऱ्यांदा फोन केल्यावर तोच समुपदेशक मिळेल याची खात्री नाही. पाळ्यांवर चालणारी सेवा आहे, हे समजण्यासारखं आहे, पण ज्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणापाशी मन मोकळं केलं त्याला पुन्हा नव्या आवाजाला सगळं सांगणं फार जड जातं. यावर उपाय हातातला कागदच. पहिल्या फोनची तारीख, काय ठरलं, काय करून पाहिलं, हे त्याच्याच मागे लिहा आणि पुढच्या वेळी तिथून सुरुवात करा. सलग बोलून बरं होण्याची उपचारपद्धती साधारण आठ ते बारा बैठकांची असते, एकाच माणसाबरोबर, दर आठवड्याला. ती गरज या फोनने भागत नाही. त्यासाठी खासगी समुपदेशक किंवा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग धरावा लागतो.

फोनवरच्या औषधांनाही मर्यादा आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अल्प्राझोलम ही झोपेसाठी, घबराटीसाठी घेतली जाणारी, सवय लावणारी गोळी फोनवरून लिहून देता येत नाही. पुष्कळ पुरुष फोन करतात ते नेमकी तीच गोळी मागायला, आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून ठेवून देतात. नियम योग्यच आहे. ही गोळी आठवड्या-दोन आठवड्यांपलीकडे रोज घेतली की तिच्याविना झोप येईनाशी होते, आणि दारूबरोबर घेतली तर श्वास मंदावतो.

व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलण्याची सोय २०२४ मध्ये आली, सुरुवात कर्नाटक, तमिळनाडू आणि जम्मू-काश्मीरपासून झाली. ती गरजेप्रमाणे सेवेकडूनच जोडली जाते, आपण थेट व्हिडिओ लावायचा नसतो. मोबाइल ॲपही त्याच वर्षी १० ऑक्टोबरला आलं. ॲपमध्ये स्वतःची काळजी घेण्याची माहिती चांगली आहे. पण ज्याला बोलायची गरज आहे त्याने त्यात वेळ घालवू नये.

आणि ही रुग्णवाहिका नव्हे. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ किंवा ११२.

दारूचा आकडा

फोनवर सगळ्यात जास्त खोटं या विषयावर बोललं जातं. “कभी-कभार” या उत्तराने समुपदेशकाच्या हाती काहीच लागत नाही. मोजायची रीत सोपी आहे: ३० मिली व्हिस्की किंवा रम म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध मद्य, एक माप. १८० मिलीची क्वार्टर म्हणजे सहा मापं. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली चार मापांच्या घरात जाते, आणि ‘मी तर फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. आठवड्याची मापं जोडा आणि तो आकडा सांगा.

दारूने डोळा लागतो हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप फुटते आणि दुसऱ्या दिवशी धडधड-अस्वस्थता वाढते. म्हणजे ज्या त्रासावर उतारा म्हणून घेतली तोच त्रास ती वाढवते. रोज पिणाऱ्याची उदासी दारूमुळे आहे की आधीपासूनची, हे पुष्कळदा दोन ते चार आठवडे दारू पूर्ण सुटल्यावरच कळतं.

मात्र इथे एक मोठी सूचना. रोज क्वार्टर किंवा जास्त घेणाऱ्याने नवसासारखी एका दिवसात दारू सोडू नये. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम सुटतो. पहिल्या दोन दिवसांत फेफरं येऊ शकतं. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होणं, नसलेली माणसं दिसणं, ताप. हे जिवावर बेतणारं आहे. श्रावण पाळायचा म्हणून अचानक बंद करणाऱ्यांचं हे होतं आणि घरचे ‘बाहेरची बाधा’ समजून वेळ घालवतात. सोडायचीच, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. अशा माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन नुसतं ग्लुकोज चढवू नका. आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. हे तिथल्या डॉक्टरला विचारायला लाजू नका.

पुढे पाठवलं तर

बाणगंगेला जा किंवा एमवाय (महाराजा यशवंतराव) रुग्णालयात, असं सांगितलं तर त्याचा अर्थ आजार हाताबाहेर गेला असा घेऊ नका. डोळ्यांनी पाहून आणि रक्त तपासून ठरवायच्या गोष्टी फोनवर होत नाहीत. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२ यांची तपासणी मागून घ्या; शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं, आणि थकवा-विसराळूपणा त्यातूनही येतो. मान जाड, पोट सुटलेलं, जोरात घोरणं आणि दिवसा पेंग असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का तेही विचारा. तो असताना उदासीनतेच्या गोळ्या एकट्या पुऱ्या पडत नाहीत.

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या उदासीनतेवरच्या गोळ्यांचा पहिल्या आठवड्यात फायदा दिसत नाही. दिसतात ते मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी. गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण परिणामाला सहा ते आठ. पुष्कळ पुरुष दहाव्या दिवशीच गोळी सोडतात. दुसऱ्यांदा सोडतात ती तिसऱ्या महिन्यात, ‘आता बरा आहे’ म्हणून. बरं वाटू लागल्यानंतरही किमान सहा महिने गोळी चालू ठेवायची असते, आणि थांबवायची ती हळूहळू कमी करत. एकदम सोडली तर चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटतं.

गोळी सोडण्याचं तिसरं कारण कोणी उच्चारत नाही. या गोळ्यांनी काही पुरुषांची कामेच्छा कमी होते किंवा वीर्यस्खलनाला फार उशीर लागतो. डॉक्टर विचारत नाहीत, पेशंट सांगत नाही, गोळी कचऱ्यात जाते. सांगा. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येतं, असा परिणाम न करणारी औषधंही आहेत. डॉक्टरसमोर जमत नसेल तर हाच प्रश्न १४४१६ वर विचारा. न दिसणाऱ्या आवाजाशी हे बोलणं खूप सोपं जातं, आणि सेवेच्या या उपयोगाकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

खर्चाचं थोडक्यात: २०१७ च्या कायद्याने आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरणं विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे. दाखल व्हावं लागलं तर पॉलिसी काढून वाचा. ओपीडीचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत मिळत नाही.

रोजचं काम

समुपदेशक जी छोटी कामं देतो ती साधी वाटतात म्हणून टाकून दिली जातात. उठण्याची वेळ ठरवा, झोपण्याची नव्हे: रात्री कितीही उशीर झाला तरी सकाळी तीच वेळ, रविवारीही. सराफ्यात मध्यरात्री खायला जाणं आपल्याकडे सगळ्यांच्याच आवडीचं आहे, पण झोप बिघडलेल्याने ते दोन महिने बंद ठेवावं. दुपारी तीननंतर चहा नाही. अंथरुणात वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, मोबाइलशिवाय.

दुसरं, मन लागेल तेव्हा करू असं म्हणून काही ठेवायचं नाही. आधी करायचं, मन मागून येतं. काम मात्र इतकं लहान घ्या की पडत्या दिवशीही जमेल: बूट घालून रेसिडेन्सीच्या रस्त्याला दहा मिनिटं. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर ठरवणारा चौथ्या दिवशी घरी बसतो आणि स्वतःला आणखी दोष देतो. ज्यांची सकाळच्या फिरण्याची चौकडी आहे, गणेशोत्सवाचं मंडळ आहे, सानंद संस्थेच्या मराठी नाटकांना बरोबर जाणारी माणसं आहेत, त्यांनी ती तोडू नये. आजारात पुरुष सगळ्यात आधी हेच सोडतो.

तो फोन करत नसेल तर

घरचा माणूसही १४४१६ वर बोलू शकतो. बायको, बहीण, मुलगा, मित्र, कोणीही. काय दिसतंय ते तारखेनिशी सांगा आणि ‘त्याच्याशी विषय कसा काढू’ एवढंच विचारा.

विषय काढताना शेजारी बसून किंवा गाडीत बोला, समोरासमोर बसवून नको. “अहो, तुम्हाला काय कमी आहे?” या वाक्याने माणूस मिटतो. “महिनाभर तुम्ही तीनला उठून बसता, मी पाहते. जगणं नको वाटतं का?” असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं हलकं होतं. उत्तर ‘हो’ आलं तर वाद घालू नका, देवाची-मुलांची शपथ घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्यांचा साठा आणि शेतीची औषधं त्याच दिवशी दुसरीकडे हलवा, त्याच्याच समोर स्पीकरवर १४४१६ लावा. तो बोलला नाही तरी तुम्ही बोला, त्याला ऐकू द्या. ठरवलेली वेळ किंवा पद्धत त्याच्या बोलण्यात आली तर फोनवर थांबू नका. १०८ बोलवा किंवा दोघांनी मिळून त्याला एमवायच्या अपघात विभागात न्या, चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर घेऊन.